चारशे बारा सह्यांचा लाइल

आमच्या गावात हल्ली काहीही बिघडलं की लाइल क्वामच्या नावानं बोटं मोडतात. डोंगराखालचं पार्किंग सकाळी साडेसातलाच भरलं, की लाइल. बेकरीतले दालचिनीचे रोल नऊच्या आत संपले, की लाइल. माझ्या बहिणीला घरमालकानं बाहेर काढलं, कारण तेच घर त्याला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायचं होतं. तिनंही शिव्या घातल्या त्या घरमालकाला नाही, लाइललाच. एकटा माणूस, पण सगळ्या गावाला पुरून उरतो.

मी पिल्चर डोंगरावर स्कीवाल्यांना वर नेणारी खुर्च्यांची लिफ्ट चालवतो. सव्वीस वर्षं झाली. खाली फाटकाशी उभं राहायचं, लोकांना खुर्चीत बसवायचं, कुणी तोंडावर आपटलं की लिफ्ट थांबवायची आणि हसायचं नाही. लाइल गावचा पोस्टमन होता, आता निवृत्त आहे. बोलणं अगदी मोजकं. जन्मभर दुसऱ्यांचे निरोप पोचवता पोचवता त्याचे स्वतःचे शब्द खर्च झाले असावेत.

तीन हिवाळ्यांपूर्वी एक मोठी कंपनी आली. एकच पास काढायचा आणि चाळीस डोंगरांवर स्की करायचं, अशी तिची योजना. पिल्चरला त्यात घ्यायचं होतं, पण पार्किंगची जमीन गावाची, म्हणून गावाला विचारावं लागलं. गाव नाही म्हणणार हे ठरल्यासारखंच होतं. तेवढ्यात, जन्मात कधी सभेला न गेलेला हा लाइल दारोदार फिरायला लागला. कुठलं दार कुठल्या वेळी उघडतं हे पोस्टमनला कुणी सांगावं लागत नाही. त्यानं कंपनीच्या बाजूनं चारशे बारा सह्या जमवल्या आणि गाव हो म्हणालं. नववी माझी आहे. मला वाटलं, आपण चाळीस डोंगरांवर जाऊ. चाळीस डोंगरांची माणसं आपल्याकडे येतील, हे काही डोक्यात आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कंपनीचा माणूस म्हणाला होता की डोंगर चाळीस, म्हणजे गर्दी वाटली जाईल. कागदावर हे बरोबर आहे. पण ताजा बर्फ चाळीस डोंगरांवर एकदम पडत नाही. तो एका डोंगरावर पडतो, ते सगळ्यांना एकाच वेळी फोनवर दिसतं, आणि पास आधीच काढलेला असल्यामुळे प्रत्येकाला वाटतं, आज गेलो नाही तर पैसे फुकट. मंगळवारी माझ्या फाटकावर मी आणि एक कावळा असतो. शनिवारी मुंगीला शिरायला जागा नसते.

पासच्या पैशांतून सहा जणांची झपाट्यानं वर नेणारी नवी लिफ्ट आली. जुन्या दोघांच्या लिफ्टला दोन मिनिटं रांग असायची आणि वर पोचायला अकरा मिनिटं लागायची. आता वर पोचायला चार मिनिटं आणि रांग पाऊण तासाची. याला सुधारणा म्हणतात. उद्घाटनाला केकसुद्धा कापला होता.

एकदा मी लाइलला खडसावलंच. "लेका, गावाच्या मानेवर हे भूत बसवलंस, तुला काय मिळालं रे?"

लाइल म्हणाला, "ब्रिटाकडे तो पास आहे."

ब्रिटा ही त्याची एकुलती एक मुलगी. सात वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्याच चर्चमध्ये तिचं लग्न होतं, सकाळी अकराला. आदल्या रात्री चौदा इंच बर्फ पडला. लाइल म्हणाला, "एक फेरी मारून येतो." आला तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या, वडिलांऐवजी मामानं तिला वेदीपर्यंत नेलं होतं, आणि हा स्कीच्या बुटांत खाड खाड करत मागच्या बाकावर येऊन बसला. ताज्या बर्फासाठी आमच्याकडे दुकानं बंद ठेवतात, दाताच्या डॉक्टरच्या वेळा चुकवतात, आणि कुणी काही मनावर घेत नाही. पण पोटच्या मुलीचं लग्न म्हणजे आमच्या गावालाही थोडं जास्तच झालं. त्यानंतर ब्रिटा दूर स्पोकेन शहरात राहायला गेली, ती नाताळला कार्ड पाठवण्यापुरती उरली. आईच्या अंत्यविधीला आली, कामापुरतं बोलली आणि गेली.

"अरे, मग फोन करायचा होतास ना तिला!"

"फोनवर काय बोलणार?" लाइल म्हणाला. "जुन्या दोघांच्या खुर्चीत बरं पडतं. दोघांनीही समोर बघायचं. अकरा मिनिटं कुणाला उठून जाता येत नाही."

म्हणजे एका मुलीला बोलवायला या माणसानं पन्नास हजार माणसं बोलावली. मला त्याचा राग आला होता, तो तिथेच जिरला. गावाला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कुणाचा विश्वास बसला नसता.

गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी ब्रिटा खरंच आली. रात्री सोळा इंच पडला होता. पण जुनी लिफ्ट बंद होती, कारण ती चालवायला माणसं नव्हती. गावात कामगारांना राहायला घरंच उरली नाहीत. तेव्हा बाप-लेक माझ्या रांगेत लागले आणि पन्नास मिनिटांनी फाटकाजवळ आले, तेव्हा मला त्यांचं बोलणं ऐकू यायला लागलं. खरं तर अजून काही बोलणं झालंच नव्हतं.

"बाबा, बोलायचं नसेल तर नका बोलू, पण ते घसा खाकरणं बंद करा."

"तुझ्या लग्नाच्या दिवशी," लाइल म्हणाला, "मी चुकलो. डोंगरावर जायला नको होतं."

पुढचा नारिंगी जाकीटवाला गर्रकन वळला. "किती बर्फ पडला होता हो?"

"चौदा इंच."

"अरेरे!" तो मनापासून हळहळला. मागे कुणीतरी शीळ घातली. आजूबाजूची दहा-बारा डोकी सहानुभूतीनं हलली.

"इंच कसले मोजताय?" ब्रिटा कडाडली. "लग्न होतं माझं! वडील नव्हते माझ्याबरोबर!" नारिंगी जाकीटवाला निमूटपणे पुढे बघायला लागला. ती लाइलकडे वळली. "किती फेऱ्या मारल्यात त्या दिवशी?"

"एक."

ती नुसती बघत राहिली.

"चार," लाइल म्हणाला.

"मी फादरना तीनदा थांबवलं. बाबांची गाडी अडकली असेल, येतीलच, असं मीच म्हणत होते. मामा म्हणाला चल, तरी मी थांबले."

"चौथ्या फेरीला जाताना घड्याळ बघितलं होतं मी." लाइल म्हणाला. "बघूनच गेलो."

 नेमका तेवढ्यात त्यांचा नंबर आला. काम ते काम, म्हणून मी ओरडलो, "सहा जण! चला, पुढे या!"

ब्रिटानं हातमोज्यानं नाक पुसलं. "मला अजून बोलायचंय. सात वर्षांचं आहे. या चौघांच्या मांडीला मांडी लावून चार मिनिटांत नाही होणार ते."

लाइलनं वर पाहिलं. झाडांमधल्या उतारावर अजून थोडा बर्फ कुणाची स्की न लागलेला शिल्लक होता. तो तासाभरात संपणार, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. आता हा म्हणणार, आधी एक फेरी मारू, मग बोलू. मी तर पैज लावली असती.

त्यानं बाजूची दोरी उचलली. "चल," तो म्हणाला, "पुन्हा मागून रांगेत उभं राहू."

दोघं दोरीखालून वाकून बाहेर पडले आणि अख्ख्या रांगेच्या कडेनं, पार पार्किंगपर्यंत चालत जाऊन शेवटच्या माणसामागे उभे राहिले. मी रांगेच्या वेळेच्या पाटीवरचा आकडा पुसून नवा लिहिला. रांग आता सव्वा तासाची झाली होती.