न चाखता केलेली बिअर

आमच्या साडूंइतका सरळ माणूस अख्ख्या नेदरलँड्समध्ये सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकी वाईट बिअर करणाराही. दोन्हींचं मूळ एकच. एनस्खेडेला शिकायला निघताना त्यांनी आईला शब्द दिला होता, की दारूला तोंड लावणार नाही. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, रॉटरडॅमजवळ कापेलला घर झालं, पण साडूंनी थेंब चाखला नाही. "आईने प्यायला मना केलंय, करायला कुठे?" असं ते इतक्या निरागसपणे विचारतात, की आपलाच प्रश्न आपल्याला आगाऊ वाटायला लागतो.

बिअरच्या शनिवारी त्यांचं स्वयंपाकघर सोवळ्यात जातं. मेहुणीला चहाचं आधणसुद्धा ठेवता येत नाही. पळ्या, बाटल्या, बादली, सगळं जंतुनाशकात न्हाऊन निघतं. मग गणपतीच्या जेवणावळीसाठी घेतलेलं मोठं पातेलं शेगडीवर चढतं आणि काकवीसारखा दाट माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मोड आलेल्या जवाचा अर्क, उकळत्या पाण्यात पडतो. तो तळाला लागू नये म्हणून साडू अखंड ढवळत असतात. त्यात हॉप्सची कडू फुलं टाकली की फेस उसळतो, आणि साडू दुधावर घालावी तशी त्यावर फुंकर घालतात. तरी ते उतू जातंच. शेवटी सगळं निवलं की बादलीत यीस्ट पडतं. घरातलं हीटिंग काटकसरीने सतरा अंशांवर ठेवलेलं असल्यामुळे बादलीला आईने शिवलेली गोधडी गुंडाळली जाते. झाकणावरच्या नळीतले बुडबुडे ते घड्याळ लावून मोजतात. "मिनिटाला सहा. तब्येत उत्तम आहे," असं मला फोनवर कळवतात.

चव मात्र माझ्या तोंडावरून ठरायची. पहिल्या खेपेला मी रॉटरडॅमहून मेट्रोने गेलो, घोट घेतला, "मस्त" म्हणालो, आणि उगाच जाणकारी दाखवायला पुढे म्हणालो, "अजून थोडी कडू चालेल." साडूंनी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून दर खेपेला हॉप्स वाढत गेले. पाच-सहा खेपांनंतर एका घोटात डोळ्यांतून पाणी यायचं. खरं सांगावं असं मी दर वेळी ठरवून जायचो. पण साडू दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, निकालाची वाट पाहत असल्यासारखे माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायचे, आणि माझ्या तोंडून "मस्त"च निघायचं. त्यांची पाठ फिरली की उरलेला ग्लास बेसिनमध्ये जायचा. शेजारच्या डच आजोबांनी एकदा ग्लास परत देऊन हे पिता येत नाही असं तोंडावर सांगितलं. साडू मला म्हणाले, "डच माणसाला कौतुक करणं जमतच नाही रे!"

मागच्या उन्हाळ्यात त्यांची आई आली. साडू लपवाछपवी करणारे नव्हेतच, त्यामुळे बादली जागच्या जागी होती. आईंनी आपली गोधडी ओळखली आणि ती कशावर घातली आहे ते विचारलं. साडूंनी सगळं सांगून टाकलं. मी तिथेच होतो.

"प्यायलास?" आईंनी विचारलं.

"नाही."

"चाखलीस तरी?"

"तुला शब्द दिलाय ना, आई."

आईंनी बादलीवरची गोधडी सारखी केली. मग म्हणाल्या, "नैवेद्याचा स्वयंपाक आम्हीही चाखत नाही. पण नंतर पानावर बसतोच की. घे घोटभर. शब्दातून मोकळं केलं तुला."

साडूंचे डोळे भरून आले. त्यांनी एक जुनी बाटली उघडली, ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि घोट घेतला. मी दाराकडे बघत होतो. तो घोट त्यांनी कसाबसा गिळला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सात वर्षं तू हे पीत होतास?" मी मान खाली घातली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आणि माझ्यासाठी संपवत होतास?" बेसिनचं मी अजूनही त्यांना सांगितलेलं नाही.

आता साडू स्वतः चाखतात. हॉप्स मुठीने पडायचे ते चमच्यावर आले, आणि शेजारचे आजोबा दुसरा ग्लास मागून घेतात. माझ्याकडे बाटल्या येतात, बोलावणं येत नाही. परवा एक उघडली. इतकी सुरेख होती, की मी लगेच फोन करून म्हणालो, "साडू, मस्त झालीये, अगदी खरं सांगतो!"

"हो, माहितीये मला," ते आनंदाने म्हणाले.

मी ग्लास शेवटपर्यंत संपवला, पहिल्यांदाच. समोर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेलं कुणी नव्हतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.