पौर्णिमेचे नऊ आकडे

शरयूताई गेल्याचं त्यांच्या बहिणीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी कोलीम, ती बारीक कोळंबी, निवडत होते. बहीण म्हणाली, "शेवटच्या आठवड्यातसुद्धा दिघीच्या मोजणीच्या वह्याच लावत होती." रडू आलं ते फोन ठेवल्यावर, आणि ते सगळंच दुःखाचं नव्हतं.

ताई पुण्याहून आल्या त्या खाडीचं तोंड मोजायला. दिघी आणि आगरदांड्याच्या मधून भरतीला किती पाणी आत येतं आणि ओहोटीला किती बाहेर जातं, ते त्यांना काढायचं होतं. आमच्या मागच्या खोलीत दोन हंगाम राहिल्या. माझे मालक त्यांना होडीतून या काठावरून त्या काठावर नेत. ताई पाण्यात यंत्र सोडून वेग घेत. काठावर आकडे रंगवलेला एक खांब रोवला होता. पाणी कुठवर चढलं ते दर पाव तासाने वहीत लिहायचं काम त्यांनी मला दिलं. मी म्हटलं, "ताई, मी चौथी शिकलेली." त्या म्हणाल्या, "तुझा सात आणि एक वेगळा वाचता येतो. माझ्या कॉलेजातल्या पोरांचा येत नाही."

मी लाजरी. धक्क्यावर एकटीने वही घेऊन बसायचं म्हणजे जिवावर यायचं. फेरीबोटीतून उतरणारी माणसं बघत. एका पौर्णिमेला तर शेजारची यमुना सगळ्यांसमोर ओरडली, "काय गो सुमन, पान्याची हजेरी घेतंस काय? कोन कोन गैरहजर हाय आज?" सगळे हसले. एका पाहुण्या बाईने माझा फोटोही काढला. मला इतकं कानकोंडं झालं की साडेअकराला मी वही पदराखाली घेतली आणि घरी येऊन चुलीपुढे बसले.

पौर्णिमेला आमच्याकडे बाराच्या सुमारास भरती पुरी होते, मग पाणी उतरतं. हे इथल्या लहान मुलीलाही कळतं. धक्क्याची कुठली पायरी केव्हा बुडते ते मला पाठ होतं. त्या अंदाजाने मी दीडपर्यंतचे नऊ आकडे स्वयंपाकघरात बसून लिहिले... घड्याळात बघून, नीट, स्वच्छ अक्षरात.

वारा मात्र मी धरला नव्हता. सकाळपासून समुद्राकडून जोराचा वारा होता, आणि त्या दिवशी तो पाणी आत लोटत राहिला.

दोन वाजता होडी आली. ताईंनी ओट्यावर वही उघडली आणि यंत्राचे आकडे शेजारी ठेवले. "दादा, वहीत बारापासून पाणी उतरतंय. यंत्र म्हणतंय, पाऊण वाजेपर्यंत आत येत होतं." मालक दोरी गुंडाळत म्हणाले, "व्हडीखाली तर येतच व्हतं." ताईंनी माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही, खरंच विचारायचं म्हणून. "सुमन, उतरत होतं ना गं?"

मी म्हटलं, "व्हय ताई. उतरलं."

तेवढंच. ताईंनी लगेच यंत्र उघडलं, वायरी तपासल्या, संध्याकाळपर्यंत जेवल्या नाहीत. "माझंच काहीतरी चुकलं. तू कशाला चुकीचं लिहिशील," असं मलाच समजावत होत्या. मी त्यांना भात वाढला आणि वर आग्रह केला. मोठ्या उधाणाचे दिवस त्यांना मोजकेच मिळाले होते. त्यातला तो एक त्यांनी हिशेबातून काढून टाकला. पुढे त्यांचं पुस्तक छापून आलं. त्यात आभाराच्या पानावर माझं नाव होतं. मालकांनी ते सगळ्यांना दाखवलं. मी ते पान अजून पुरतं वाचलेलं नाही.

सांगायची संधी नव्हती असं नाही. दर दिवाळीला फोन व्हायचा. "कसं आहे गं आपलं पाणी?" असं विचारायच्या. मी तोंड उघडायची आणि कोळंबीचा भाव सांगायची... मग त्या आजारी पडल्या, आणि आजारी माणसाला कसं सांगायचं, ही एक नवी सबब मला मिळाली.

परवा ताईंच्या बहिणीचा पुन्हा फोन आला. वह्या ताईंच्या विद्यार्थ्यांकडे जाणार आहेत. ते पुन्हा इथे मोजायला येतील. एका पानावर ताईंनी लाल शाईने 'यंत्राचा दोष, माझी चूक' असं लिहून ठेवलंय. त्याचा अर्थ काय, मला ठाऊक आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, लिहून पाठवते.

आज लिहिलं. त्या दिवशी साडेअकरा ते दीडचे नऊ आकडे पाण्याचे नाहीत, माझे आहेत. यंत्र बरोबर होतं. पाठवण्याआधी मालकांना वाचून दाखवलं. ते जाळं विणत होते. हात न थांबवता म्हणाले, "मला ठावं व्हतं."

"मग तवा बोललाव का न्हाय?"

"ताई तुला इचारीत व्हत्या. मला न्हाय."

मी उठून मागच्या खोलीत आले. ताई असताना इथली खिडकी भर वाऱ्यातसुद्धा उघडी असायची. पाण्याचा आवाज बदलला की त्यांना कामातून मान वर करायची सवय होती. आता मी खिडकी उघडली आहे. बाहेर भरती लागते आहे, आणि मान वर करून त्या पाण्याकडे बघायचं धाडस मला अजून होत नाही.