कपाटात राहिलेले रिपोर्ट

नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात मी समाजसेविका आहे. सामाजिक जबाबदारी म्हणून आमचं रुग्णालय गावोगावी मोफत तपासणी शिबिरं भरवतं. दोन वर्षांपूर्वी दिंडोरीजवळच्या एका गावात आम्ही बायकांची स्तनांची तपासणी केली. "रिपोर्ट घरपोच येईल," असं प्रत्येकीला मीच सांगितलं होतं.

आठ महिन्यांनी पुढच्या शिबिरासाठी बॅनर शोधायला मी ऑफिसातलं कपाट उघडलं. बॅनरखाली पाकिटांचा गठ्ठा होता. त्याच गावाचे रिपोर्ट. एकही गेला नव्हता. मी उभ्या उभ्या एकेक पाकीट फोडलं. बाकी सगळे ठीक होते. एकावर लाल शाईत लिहिलं होतं : गाठ संशयास्पद, ताबडतोब बोलवा.

तो रिपोर्ट घेऊन मी तशीच शिबिरांचं काम बघणाऱ्या आमच्या साहेबांकडे गेले.

"शिबिर झालं, फोटो पेपरला गेले, शिबिराचा अहवालही छापला," ते म्हणाले. "रिपोर्ट कुणी पोचवायचे, हे मात्र ठरलंच नव्हतं."

ते हे अगदी सहज बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाव गाठलं. लाल शाईचा रिपोर्ट जिचा होता, ती बाई द्राक्षबागेत छाटणीला आली होती. पस्तिशीची, हातात कात्री. मला ओळखून हसली. मी गाठीचं विचारलं.

"वाढली हाय जराशी. पण तुमचा काय निरोप आला नाय, म्हनलं आपल्याला काय झालेलं नाय."

आठ महिने आम्ही काहीच कळवलं नव्हतं, आणि तिनं तेच उत्तर मानलं होतं.

त्याच दिवशी तिला रुग्णालयात आणलं. गाठ कर्करोगाची निघाली. ऑपरेशन झालं, स्तन काढावा लागला. आधी आली असती तर कदाचित एवढं करावं लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. आज ती बरी आहे, कामालाही जाते.

तिला घरी सोडलं त्या दिवशी मी कपाटातल्या पाकिटांचं सगळं सांगितलं. सांगू नको, असं साहेबांनी बजावलं होतं. ती शिव्या देईल, असं मला वाटत होतं.

"बाकीच्या बायांना कळवलं का?" तिनं विचारलं.

मी कळवलं नव्हतं. त्यांचे रिपोर्ट चांगले आहेत, मग घाई कसली, असं मीही धरून चालले होते. पण रिपोर्ट घरपोच येईल, असं मी त्यांनाही सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन मी त्या गावात दारोदार फिरले.