कागदावरचं बटण

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मेथी निवडली. "देठं कशाला ठेवताय? म्हशीला घालायचीय का?" बायको म्हणाली. त्याच दुपारी ती गेली.

तिच्या भाज्यांच्या कृती आमच्या लेकीनं, सुमननं, इंटरनेटवर पानं करून ठेवल्या होत्या. प्रत्येक पानावर एक बटण होतं, ते दाबलं की बायको स्वतःच्या आवाजात कृती सांगायची. ती साइट बंद होणार म्हणून लेकीनं प्रोग्रॅम लावून सगळी पानं कागदावर उतरवली आणि काल मला आणून दिली. अक्षरं आली, फोटो आला, बटणसुद्धा छापून आलं.

"आवाज कुठाय गं?"

"बाबा, प्रोग्रॅम दिसतं तेवढंच उतरवतो. आवाज वेगळा काढून ठेवायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. आता साइट बंद झाली." पोर रडायला लागली.

तिला काय बोलणार? मीही तसलाच. डोळे मिटले की हिचं तोंड दिसतं, ओठ हलतात, पण ऐकू काही येत नाही. मेलेलं माणूस बहुतेक एवढंच उरतं.

आज सकाळी मेथी आणली. देठांसकट निवडली, मेथीचा कागद समोर ठेवला आणि बटणावर बोट दाबून बसलो.