तेलात कालवलेलं कुंकू

लालबागच्या त्या चाळीत कुशाबा पाष्ट्याचं नाव काढलं की लोक आधी हसायचे आणि मग मान डोलवायचे. हसायचे त्याच्या कुंकवाला, मान डोलवायचे त्याच्या कापडाला. सव्वीस वर्षं त्याने गिरणीत साचा चालवला. साचा म्हणजे कापड विणायचा माग, पण गिरणीत माग म्हणणारा माणूस नवखा समजायचा. या सव्वीस वर्षांत कुशाबाच्या साच्यावरून उतरलेल्या कापडाला डाग म्हणून सापडला नाही. तपासनीस बाकीच्यांचे ताके दोन्ही बाजूंनी उलटून बघायचा. कुशाबाचा ताका आला की वरून नुसता चाचपायचा आणि पुढे सारायचा.

आता कुंकवाचं. पाळी सुरू व्हायच्या आधी हा गडी साच्याच्या लोखंडाला रोज एक बोट कुंकू लावायचा. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही, म्हणून डबीत खोबरेल तेलात कालवून ठेवलेलं. सव्वीस वर्षांत एकदाच विसरला. नेमका त्याच दिवशी आडवा धागा घेऊन धावणारा धोटा साच्यातून उडाला आणि शेजारच्या साच्यावरच्या रघूचे पुढचे दोन दात घेऊन गेला. त्यानंतर कुशाबाला कोणी शहाणपणा शिकवला नाही. रघूने तर नाहीच नाही.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप लागला. महिनाभरात मिटेल म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं. काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजायला लागले, पण कुशाबाच्या गिरणीचं दार काही उघडलं नाही. बायको सुभद्रा मंडईबाहेर भाजी घेऊन बसू लागली. कुंकवाची डबी देवाच्या कोनाड्यात पडून राहिली. धंदा काय, असं कोणी विचारलं की कुशाबा "संपावर" म्हणायचा आणि विषय बदलायचा.

अशात त्याची लेक ललिता बी. एस्सी.ला पहिल्या वर्गात पास झाली आणि विद्यापीठाच्या यादीत तिचं नाव लागलं. संख्याशास्त्र, एम. एस्सी. हे संख्याशास्त्र म्हणजे काय ते कुशाबाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण एवढ्या मोठ्या विद्यापीठात त्या वर्गाच्या जागा फक्त वीस, हे मात्र त्याने चाळीत घरोघरी सांगून ठेवलं. कामाची सवय असलेला माणूस रिकामा बसला की त्याचे हात खाजतात. कुशाबाच्या हातांना एकदाचं काम मिळालं. वह्यांना खाकी कागदाची कव्हरं त्याने घातली. कोपरे असे दुमडले की शिंप्याने बघत राहावं. बसने दोनदा विद्यापीठापर्यंत जाऊन आला, किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघितलं. लायब्ररी सकाळी सातला उघडते का, म्हणून लेकीला विचारत बसला.

"बाबा, तिथे पाळी नसते," ललिता म्हणाली.

"पाळी सगळीकडे असते गो. नाव वेगळं असतं."

पण अजून जागा पक्की झाली नव्हती. गुरुवारी दुपारी तीनच्या आत मूळ कागद विद्यापीठाच्या खिडकीवर दाखवायचे, नाहीतर जागा खालच्या नंबरला जाणार, असं यादीखाली लिहिलेलं. ललिताने बुधवारी संध्याकाळी सगळे कागद एकेक तपासले, फाईलमध्ये लावले, नाडी बांधली. सर्वांत वर कॉलेज सोडल्याचा दाखला.

गुरुवारी सकाळी ललिता मोरीत तोंड धूत होती. कुशाबाने आंघोळ करून देवाला हात जोडले आणि त्याची नजर डबीवर गेली. दीड वर्षात त्याने ती उघडली नव्हती. नवं काम, पहिला दिवस, आणि कुंकू नाही? रघूचे दात त्याला आठवले. त्याने फाईलची नाडी सोडली, वरच्याच कागदावर मधोमध एक बोट टेकवलं, नमस्कार केला आणि नाडी होती तशी बांधून ठेवली. कोणाला सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगून केल्या तर त्यांचा गुण जातो, असं त्याचं म्हणणं.

साडेअकराला बापलेक खिडकीपाशी पोचले. आतल्या कारकुनाने फाईल उघडली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. लोखंडावर जागच्या जागी राहणारं ते तेलकट कुंकू कागदावर रुपयाएवढं पसरलं होतं. नोंदणीचा नंबर पार बुडाला होता, तारखेचा अर्धा भागही. शिवाय तेल कागदाच्या पाठीमागे फुटलेलं.

"हे काय आहे?" कारकून म्हणाला. "नंबर वाचता येत नाही. डागाळलेला दाखला चालत नाही. कॉलेजातून दुसरी प्रत आणा."

"साहेब, आजच शेवटची तारीख आहे," ललिता म्हणाली.

"मलाही माहीत आहे. तीनपर्यंत आहे मी इथे." त्याने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि फाईल बाहेर सारली.

ते उलटणं कुशाबाच्या ओळखीचं होतं. तपासनीस असाच ताका उलटायचा, दुसऱ्यांचा. आज पहिल्यांदा त्याचा माल परत आला होता. आणि तपासनीस काही चुकला नव्हता. सव्वीस वर्षं कुंकू लावलं ते साच्याला. कापडाला लावलं असतं, तर त्याला पहिल्याच आठवड्यात गेटाबाहेर घातलं असतं.

ललिताने त्याच्याकडे नुसतं बघितलं. फाईल काखेत मारली आणि चालू लागली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला.

तिथून बस पकडून परळला, तिच्या कॉलेजात पोचेपर्यंत पाऊण वाजला. ऑफिसात दुर्गाबाई म्हणून हेडक्लार्क होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं तुकड्यातुकड्यांत.

"दुसऱ्या प्रतीला आठ दिवस लागतात."

"बाई, तीनच्या आत नेली नाही तर माझी जागा जाईल," ललिता म्हणाली.

दुर्गाबाईंनी दाखला उजेडाला धरला, मग घड्याळाकडे बघितलं. "प्राचार्य दीडला बाहेर पडतात. त्याआधी अर्ज आत गेला तर बघते. दाखला कसा खराब झाला ते लिहायचं. ज्याच्या हातून झाला त्याने, नाव, पत्ता, धंदा घालून, त्याच्या सहीने. खोटं लिहिलेलं मला कळतं."

ललिताने पेन उघडलं. "माझ्या हातून..." एवढं तिने लिहिलंही. कुशाबा बाजूला उभा राहून बघत होता. पोरगी बापाला झाकत होती, आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्याला ते बरंही वाटलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

"दुसरा कागद दे," तो म्हणाला. "मी लिहितो."

"बाबा, तुम्हाला वेळ लागेल."

"लागू दे."

चौथी शिकलेला माणूस तो. सहीपलीकडे काही लिहून वर्षं झालेली. पेन त्याने मुठीत धरलं आणि एकेक अक्षर विणायला घेतलं. मी कुशाबा पाष्टे. मुलीच्या दाखल्यास शुभ म्हणून कुंकू लावले. मुलीस ठाऊक नव्हते. घड्याळ एक वाजून दहावर होतं, मग पंधरावर, मग वीसवर. ललिताने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली होती. बाप एका वेलांटीवर अडला तेव्हा तिला रडू यायचं बाकी राहिलं होतं. खाली नाव, पत्ता झाला आणि पुढे आलं, धंदा. तिथे कुशाबाचा हात थांबला.

"बाबा, लिहा ना काहीतरी."

काहीतरी म्हणजे काय? संपावर असणं हा काही धंदा नव्हे. बेकार लिहावं, तर हात तयार होईना. शेवटी त्याने पेन टेकवलं आणि ठळक अक्षरात लिहिलं, साचेवाला.

दुर्गाबाईंनी अर्ज वाचला. धंद्याच्या ओळीपाशी त्यांची नजर जरा रेंगाळली.

"पोरीने सांडलं असतं, तर निष्काळजीपणा म्हणून साहेबांनी सही अडवली असती," त्या म्हणाल्या. "हे वेगळं आहे." आणि दीडला चार मिनिटं कमी असताना कागद घेऊन त्या आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा हातातल्या नव्या दाखल्यावर सहीची शाई ओली होती. ललिता तो दाखला दोन बोटांत धरून बसमध्ये वाटभर वाळवत राहिली. कुशाबा शेजारी बसला होता, पण हात मांडीखाली दाबून, कागदाला चुकून धक्का लागेल म्हणून. भायखळ्याला बस अडकली. लालबागहून विद्यापीठापर्यंत त्याने घड्याळ लावून मोजलेला सगळा वेळ तिथल्या कोंडीत वाया गेला. शेवटचे दोन स्टॉप दोघं उतरून पळाले, पन्नाशीचा बाप पुढे आणि लेक मागे. खिडकीशी पोचले तेव्हा तीनला सहा मिनिटं कमी होती आणि कारकून आतून खटका लावायच्या बेतात होता.

त्याने दाखला वाचला. उलटा करून बघितला. मग शिक्का उचलला आणि मारला.

रात्री जेवताना सुभद्राने विचारलं तेव्हा ललिता एवढंच म्हणाली, "झालं काम." कुशाबाने ताटावरून उठताना डबी कोनाड्यातून काढली आणि फळीवर, पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली. पुढचे आठ दिवस तो लेकीच्या वह्यांच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही.

सत्राचा पहिला दिवस उजाडला. ललिता नव्या साडीत, खांद्याला पिशवी. कुशाबा दारापासून लांब, गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा, हात पाठीमागे. सुभद्राने लेकीच्या हातावर दही ठेवलं. ललिता दारापर्यंत गेली आणि परत फिरली. फळीवरून तिने पिठाचा डबा बाजूला केला, डबी काढली आणि बापापुढे धरली.

"लावा."

"नको गो. एकदा काय झालं ते बघितलंस ना?"

"कागदाला लावलंत म्हणून झालं. कागद म्हणजे कापड, बाबा. कापडाला कोणी कुंकू लावतं का?" तिने पिशवीतून पेन काढलं, पोलादी टोपणाचं, आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. "माझा साचा हा."

कुशाबाने पेन उजेडात फिरवून बघितलं. मग करंगळीचं टोक डबीत बुडवलं आणि टोपणाच्या पट्टीखाली, दिसेल न दिसेल असा ठिपका लावला. त्याचे डोळे भरून आले ते त्याने लपवले नाहीत.

"लोखंडावर टिकतं," तो म्हणाला. आणि मग सवयीने, रोज घरातून निघताना म्हणायचा तसं, त्याच्या तोंडून निघालं, "चल, भोंगा व्हायची वेळ झाली."

त्याच्या गिरणीचा भोंगा त्या सकाळीही झाला नाही. ललिता मात्र तो झाल्यासारखीच धावत जिना उतरली.