पहिली करवंटी

माझे भाऊजी सिलास बुले यांच्या नाकामालातला, म्हणजे काव्ह्याच्या गुत्त्यातला, दिवा एकदा विझला की विझला. मग दारात मंत्री येवो नाहीतर पाद्री. बादलीतला काव्हा, म्हणजे मुळी कुटून पाण्यात पिळलेलं, करवंटीतून प्यायचं पेय, संपला की ते उठायचे, बांबूवरचा लाल कंदील उतरवायचे आणि म्हणायचे, "संपलं. घरी जा, बायका वाट बघताहेत." आमच्या व्हिला शहरात दर चार घरांमागे एक नाकामाल आहे, आणि बाकी बहुतेक ठिकाणी बादली संपली की चोथ्यावर पाणी ओतून दुसऱ्यांदा पिळतात. तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात कोणाला काय कळतंय? भाऊजी मात्र चोथा उचलून मागच्या पपईखाली टाकायचे.

मी म्हणायचे, "भाऊजी, तुमच्या धंद्यात सगळ्यात जास्त बरकत त्या पपईला आलीय."

"पपई निदान तक्रार करत नाही, लेसाऊ."

मी त्यांची धाकटी मेव्हणी. नाकामालाच्या दाराशी माझं टेबल असतं. काव्हा कडूजहर, वर जीभ बधिर होते. एक करवंटी घोटली की माणूस तोंड वाकडं करून माझ्याकडे धावतो. उकडलेले अळूचे कंद, तळलेली मासळी, भाजलेली केळी, जे असेल ते. हे टेबल आधी माझ्या थोरल्या बहिणीचं, लेवारीचं होतं. ती जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्यामागे मी आले, आणि भाऊजींशी भांडायचं कामही वारसाहक्काने माझ्याकडेच आलं.

भांडायला कारणं पुष्कळ होती. नाकामाल पाचला उघडणार, आठला बंद. रविवारी कुलूप. कोणी चौथी करवंटी मागितली की हे आधी विचारणार, "घरी जेवण आहे?" आहे म्हटलं तर "मग घरी जा," आणि नाही म्हटलं तर "मग लेसाऊकडून आधी पोटभर खा." म्हणजे दोन्हीकडून गिऱ्हाईक काव्ह्याला मुकलंच. शेजारच्या नाकामालवाल्याने त्याच काळात दोन बस विकत घेतल्या. आमच्या भाऊजींनी काय घेतलं? नवी बादली.

पण सगळ्यात कडक नियम पहिल्या करवंटीचा. नवं पोतं आलं की त्यातली मुळी ते आदल्या दिवशी एकटे कुटायचे, पिळायचे आणि तीन करवंट्या स्वतः प्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या अंगणात हजर. मी ताट वाढायचे. ताट स्वच्छ झालं तर पोतं उघडायचं, नाहीतर खड्ड्यात पुरायचं. कारण आमच्या बेटांवर काव्ह्याचा एक सावत्र भाऊ उगवतो. दिसायला अगदी तोच. त्याला आम्ही दोन-दिवसांचा म्हणतो. तो पटकन वाढतो, कुठेही तगतो, आणि पिणाऱ्याला दोन दिवस अंथरुणातून उठू देत नाही. पोटात ढवळतं, पाय आपले राहत नाहीत. या अकरा वर्षांत तीन वेळा भाऊजी माझ्या भिंतीला टेकून पांढरेफटक पडलेले मी पाहिलेत. ताटाला हात नाही. तीनही वेळा पोतं गेलं आणि पोतंवाला शिव्या देत गेला.

एकाच माणसाचं पोतं असं तपासलं जात नसे. वातासचं. वातास म्हणजे भाऊजींचा थोरला भाऊ, तिकडे पेंटेकॉस्ट बेटावर, डोंगरातल्या मळ्यात. दर गुरुवारी बोट आली की त्याचं पोतं यायचं, आणि भाऊजी ते तसंच थेट कुटायला घ्यायचे.

एकदा मी विचारलं होतं, "याला परीक्षा नाही वाटतं?"

"आईने वाढलेलं हुंगून खातेस का तू?" म्हणाले.

मग ते मोठं वादळ आलं. वातासचा निम्मा मळा डोंगरावरून खाली गेला. भाऊजी महिनाभर भावाच्या मदतीला जाऊन आले. वर काव्ह्याचे भाव चढले, परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांची माणसं गावोगाव फिरू लागली, मुळी मिळेनाशी झाली. ते परतल्यावरही आठवडाभर आमचा कंदील लागला नाही. भाऊजींनी, हो, याच आमच्या भाऊजींनी, भावाला फोनवर म्हटलं, "दादा, काहीही कर, पण या गुरुवारी पोतं भरून पाठव." मी कंद सोलत होते, मी माझ्या कानांनी ऐकलं. वातासने पोतं भरून पाठवलं. भरायला मुळ्या कमी पडल्या तेव्हा बांधाकडेला जे उगवलं होतं तेही उपटून घातलं. पाच वर्षं जपावी लागते ती मुळी गुरुवारपर्यंत कुठून आणणार बिचारा?

त्या संध्याकाळी कालोरिस नावाचा बस चालवणारा माणूस दोन करवंट्या पिऊन गेला आणि दोन दिवस उठला नाही. त्यातल्या दुसऱ्या दिवशी त्याच्या वारलेल्या आईचा शंभरावा दिवस होता. गाव जमलं, डुकरं कापली, सगळं झालं, आणि थोरला मुलगा आत ओकत पडलेला. आईला शेवटचा निरोप द्यायचा तो दिवस. तो परत येत नसतो.

भाऊजींनी कारणं सांगितली नाहीत. आमच्याकडच्या भरपाईच्या रिवाजाप्रमाणे पेटीतून आईच्या हातची लाल चटई काढली, एक डुक्कर दोरीला बांधलं आणि भर दुपारी बसथांब्यावर कालोरिसपुढे जाऊन उभे राहिले. सगळे ड्रायव्हर बघत होते. म्हणाले, "चूक माझी. मी पोतं तपासलं नाही." बस्स, एवढंच. भावाचं नाव ओठांवर आणलं नाही. कालोरिसने चटई घेतली, हात हातात घेतला, विषय मिटला.

म्हणजे कालोरिसशी मिटला. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? पोतं कोणाचं होतं ते अख्ख्या धक्क्याला ठाऊक होतं. आईची चटई भरचौकात दिली, ही बातमी पुढच्या बोटीने पेंटेकॉस्टला पोचली. आणि वर भाऊजींनी स्वतः फोन करून सांगितलं, "दादा, यापुढे तुझंही पोतं तपासूनच उघडीन."

पलीकडून वातास म्हणाला, "मला तपासणार? तू?"

"तुला नाही. पोत्याला."

"पोत्यात मीच असतो, सिलास," असं म्हणून त्याने फोन ठेवला. सहा वर्षं परत उचलला नाही.

भाऊजी दुसऱ्या माणसाकडून मुळी घेऊ लागले. धंदा चालला. पण दर गुरुवारी ते धक्क्यावर जायचे. त्यांचा माल आता मंगळवारच्या बोटीने यायचा, गुरुवारी धक्क्यावर त्यांचं काही काम नव्हतं. तरी जायचे. उतरणाऱ्या पोत्यांच्या गाठी बघायचे, एकेक करून, शेवटचं पोतं उतरेपर्यंत. मग चालत परत. मी एकदाच म्हणाले, "भाऊजी, फोन करा आणि म्हणा की नाही तपासणार. पोतं येईल."

"येईल," म्हणाले. "पण मग रात्री मी जेवताना कालोरिस माझ्यासमोर येऊन बसेल."

"मग विसरा भावाला."

एवढं म्हटलं आणि माझीच जीभ कापून टाकावीशी वाटली. बहीण गेल्यावर मला कोणी तिला विसर म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर गरम तेल ओतलं असतं. सकाळी माझ्याकडे खायला बसले की भाऊजींना डोंगर आठवायचा. दादा पहारीने खड्डा करायचा आणि मी कांडी लावायचो, म्हणायचे. पाऊस आला की एकाच केळीच्या पानाखाली दोघं. तिकडच्या मुळीला मिरीसारखा झटका आहे, इथल्या कुठल्याच पोत्यात तो नाही. हे सगळं मी शंभरदा ऐकलंय, आणि शंभरदा कंद सोलायच्या निमित्ताने मान खाली घातलीय.

यंदा डॉक्टरांनी त्यांचं पोट तपासलं आणि सांगितलं, काव्हा बंद. एक थेंबही नाही. यकृत थकलंय.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले तरी कंदील लागला नाही. सहाला गिऱ्हाईकं जमली. भाऊजी बाकावर बसले होते. म्हणाले, "जो पहिली पिऊ शकत नाही त्याने दुसरी विकू नये. बंद झालं."

लोकांनी परोपरीने समजावलं. दुसऱ्या कोणाला प्यायला द्या म्हणाले. मी तर म्हटलं, "मी पिते. मला दोन दिवस अंथरुणात मिळाले तर देवच पावला."

"माझ्या धंद्यापायी कोणाला आजारी पाडू सांग? तुला? मग वर लेवारीला काय तोंड दाखवू?"

हसून म्हणाले, पण तिसऱ्या दिवशी बाक विकायची भाषा सुरू झाली. त्या नाकामालात माझ्या बहिणीची सावली होती, भाऊजींचं आयुष्य होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझंही पोट होतं. मी घरात गेले, दार लावलं आणि वातासला फोन केला. त्याने माझा नंबर ओळखला नाही म्हणून उचलला. मी नमस्कार-चमत्कार केला नाही. म्हटलं, "थोरले म्हणवता ना? तुमचा भाऊ सहा वर्षं दर गुरुवारी धक्क्यावर उभा असतो. आता त्याला प्यायची बंदी झालीय, दुकान मोडायला निघालाय. सुंभ जळाला, तुमचा पीळ कधी जायचा?"

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग फोन बंद. मनात म्हटलं, झालं, लेसाऊ, तुझ्या तोंडाने हेही घालवलंस.

दुसऱ्या गुरुवारी बोटीतून एक म्हातारा उतरला. खांद्यावर पोतं, पायात काही नाही. भाऊजी नेहमीच्या जागी उभे होते. मी मासळी घ्यायला आले होते, म्हणून हे पाहिलं. दोघं एकमेकांसमोर थांबले. कोणी कोणाला मिठी मारली नाही. भाऊजी पोत्याला हात लावायला गेले तर वातासने खांदा मागे घेतला आणि चालू लागला. भाऊजी मागून.

नाकामालात येऊन वातासने स्वतः मुळी धुतली, तीन पाण्यांनी. स्वतः कुटली, पिळली. संध्याकाळ झाली तेव्हा दारात चाळीसेक माणसं उभी होती, त्यांत कालोरिसही. वातासने करवंटी भरली आणि भाऊजींकडे बघत म्हणाला, "तुझ्यासाठी पितोय असं समजू नकोस. सहा वर्षांपूर्वीची राहिलीय, ती पितोय."

एक प्यायला. दुसरी. तिसरी. बहात्तर वर्षांचा माणूस, त्यातून थोरला, धाकट्याच्या दारात चारचौघांत परीक्षेला बसला होता. आमच्याकडे हे होत नाही. कालोरिसने टोपी काढली.

सकाळी सहाला वातास माझ्या अंगणात आला. मी ताट वाढलं आणि भाऊजी ओट्यावर बसून त्याच्या प्रत्येक घासाकडे बघत राहिले, चर्चमध्येसुद्धा ते इतकं लक्ष देत नाहीत. ताट रिकामं झालं. वातास म्हणाला, "मासा अजून आहे का? हिच्या जिभेपेक्षा हाताला चव बरी आहे."

"तुमच्या फोनवरच्या मौनापेक्षा जीभ बरी," मी म्हटलं आणि आत जाऊन रडून घेतलं.

त्या संध्याकाळी कंदील लागला. भाऊजी करवंट्या भरून देत होते, माणसं कोपऱ्यात जाऊन पीत होती, थुंकत होती, आणि मग ती शांतता पसरत होती जी चांगल्या काव्ह्यानेच पसरते. प्रत्येक जण परत येऊन म्हणे, सिलास, असा काव्हा कित्येक वर्षांत प्यायलो नाही. भाऊजी मान हलवत. बादलीपाशी बसले होते, हात कोपरापर्यंत त्या पाण्याने ओले, आणि जिभेवर एक थेंब नाही. सहा वर्षं ज्या चवीसाठी धक्का झिजवला ती समोर होती आणि ती दुसऱ्यांना वाढायची होती. मला बघवेना.

गर्दी सरली तेव्हा त्यांनी भावाला विचारलं, "दादा, वरच्या उताराची ना रे ही?"

"वरच्या."

"तिथलं तर सगळं वादळात गेलं होतं."

"गेलं होतं. मग तू महिनाभर येऊन राहिलास आणि नव्या कांड्या लावल्यास. खड्डे मी केले, कांड्या तुझ्या. ही ती."

भाऊजींच्या हातातली करवंटी तशीच राहिली. "म्हणजे आपण बोलत नव्हतो, तेव्हा..."

"तेव्हा वाढत होती."

"व्यापारी आले नाहीत कधी?"

"दर वर्षी यायचे. मागाल ती किंमत म्हणायचे."

"मग दिली का नाहीस?"

वातासने आश्चर्याने त्यांच्याकडे पाहिलं. "कशी देणार?" म्हणाला. "माझी नव्हती ना ती."