बाबांच्या गाडीचे विंटर टायर

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४, दसरा. रक्कम दोन हजार सहाशे सत्तावन्न डॉलर शहात्तर सेंट. त्यात चार विंटर टायर, चार रिम, हवेचा दाब दाखवणारे चार सेन्सर, बसवण्याची मजुरी आणि तेरा टक्के कर. हजर माझे सासरे, माझा नवरा आणि मी. स्थळ कॅनडातल्या किचनर शहरातल्या आमच्या घराचा ड्राइव्हवे.

रक्कम अजून कोणी कोणाला दिलेली नव्हती. ते नुसतं एस्टिमेट होतं. नवऱ्याने ते छापून आणलं होतं आणि हातात धरून बाबांची पूजा संपायची वाट पाहत उभा होता. त्या वर्षी थंडीने झेंडू अजून जाळले नव्हते, त्यामुळे हार घरच्या फुलांचा होता. बाबांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारही चाकांना हळद-कुंकू लावलं, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली आणि मग मुलाकडे वळले.

"काय रे, कागद कसला?"

"टायरचा. बाबा, हे इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच केलेले आहेत. रेंज फार कमी होत नाही."

"किती होते?"

"साध्या विंटर टायरपेक्षा चारशे डॉलर जास्त पडतात, पण वीसेक किलोमीटर जास्त मिळतील."

"वीस किलोमीटरला चारशे डॉलर?" बाबा म्हणाले. "पेट्रोलच्या गाडीत कधी एवढं महाग पेट्रोल भरलं नव्हतं."

गाडी बाबांची. टोरांटोचं घर विकून आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांनी ही इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. वय तेव्हा सत्त्याहत्तर. या देशात ते सत्तरच्या दशकात इंजिनियर म्हणून आले आणि तेव्हापासून त्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही असा एकही हिवाळा गेलेला नाही. सासूबाई ग्वेल्फ गावाच्या अलीकडे वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये आहेत. जागा तिथेच मिळाली. आमच्या घरापासून एकोणतीस किलोमीटर. त्यांना आता माणसं नीट ओळखू येत नाहीत, पण बाबांचा हात ओळखू येतो. तिथल्या बायकांनी चमचा पुढे केला की त्या मान फिरवतात. बाबांनी मऊ वरणभाताचा घास केला की तोंड उघडतात. म्हणून बाबा रोज सकाळी डबा भरून निघतात आणि दुपारचं जेवण भरवून येतात. एका जेवणाला एक तास लागतो, कधी सव्वा.

आदल्या फेब्रुवारीत त्यांची गाडी एका उतारावर थांबायच्या खुणेपाशी थांबलीच नाही. घसरत चौकाच्या मध्यापर्यंत गेली. दुसरं कोणी येत नव्हतं म्हणून काही झालं नाही. गाडीला कारखान्यातून आलेले ऑल-सीझन टायरच होते. बाबांनी हे रात्री जेवताना स्वतःहून सांगितलं. नवऱ्याने ताटावरून उठून किल्ली आपल्या खिशात टाकली. त्यानंतरचे सहा आठवडे बाबा फक्त शनिवार-रविवारी जाऊ शकले, आणि त्या सहा आठवड्यांत सासूबाईंचं वजन साडेतीन किलोने उतरलं. नर्सिंग होमच्या नोंदीत ते होतं, आणि ते वाचल्यावर किल्ली परत बाबांकडे गेली. आम्हा तिघांनाही तो आकडा पाठ होता, आणि तो कोणी उच्चारत नव्हतं.

तर त्या दसऱ्याला आम्ही बोलत होतो टायरबद्दल, पण प्रश्न बाबांनी या हिवाळ्यात गाडी चालवायची की नाही हा होता. नवऱ्याला वडिलांच्या तोंडावर नको म्हणवत नव्हतं, आणि सून म्हणून मलाही. मी एका विमा कंपनीत हिशेबाचं काम करते. घरातली मोठी खरेदी शेवटी माझ्याकडे येते. नवऱ्याने कागद माझ्या हातात दिला. "तूच बघ. तुझं ते ऐकतील."

मी आधी गाडीच्या दाराच्या आतलं स्टिकर वाचलं. त्यावर टायरने किती वजन पेलायला हवं ते लिहिलेलं असतं. बॅटरीमुळे ही गाडी दोन टनांच्या वर भरते. इंटरनेटवर सर्वांत स्वस्त दिसणारे टायर या वजनाला पुरणारे नव्हते, ते खोडले. मग रेंजचा प्रश्न घेतला. जायचे एकोणतीस, यायचे एकोणतीस, एकूण अठ्ठावन्न किलोमीटर. कडाक्याच्या थंडीत ही गाडी पूर्ण चार्जवर दोनशे ऐंशीच्या आसपास जाते, आणि रात्री गराजमध्ये ती रोज चार्जला असते. म्हणजे वीस किलोमीटर जास्त मिळाले काय आणि कमी मिळाले काय.

"रेंज सोडून द्या," मी रात्री दोघांना सांगितलं. "आपल्याला लांब जायचं नाहीये. वेळेवर थांबायचंय. बर्फावर कमी अंतरात थांबतो तो टायर घ्यायचा."

"हे मी म्हणतच होतो," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही म्हणत होता की टायरच नकोत. ऑल-सीझनवर चाळीस वर्षं काढली म्हणालात."

"ते आधी म्हणालो. नंतर हे म्हणालो."

एकोणीस इंचांऐवजी अठरा इंचांचे रिम या गाडीला चालतात, असं गाडीच्या पुस्तकातच होतं. लहान रिमला टायर स्वस्त पडतो, आणि साध्या पोलादी रिमने काही बिघडत नाही. नवा आकडा करासकट दोन हजार दोनशे पंचावन्न डॉलर अठ्ठेचाळीस सेंट झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारची वेळ मिळाली.

त्या शनिवारी आम्ही तिघेही दुकानात गेलो. काउंटरवर व्हायचं तेच झालं. नवऱ्याने कार्ड काढलं, बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"खिशात ठेव ते."

"बाबा, राहू द्या ना. मी देतो."

"गाडी कोणाची? मग टायर कोणाचे?"

काउंटरमागचा माणूस मशीन धरून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे वळवत होता. शेवटी बाबांनी आपलं कार्ड मशीनमध्ये सरकवलं. ते पैसे गेले म्हणजे गाडी आपलीच राहिली, असं बहुतेक त्यांना वाटलं असावं.

काढलेले टायर घरी न्यायचे होते. दोन मागच्या सीटवर बसवले. बाकीचे ठेवायला नवऱ्याने डिकी उघडली आणि उघडी धरूनच उभा राहिला. आत वाळूची दोन पोती होती. हार्डवेअरच्या दुकानात मुलांच्या खेळाच्या वाळूची मिळतात ती, प्रत्येकी तीस किलोची.

"हे काय, बाबा?"

"वाळू."

"ते दिसतंय. कशाला?"

"मागचं वजन. त्याशिवाय मागची चाकं धरत नाहीत."

"अहो, या गाडीत आधीच दोन टन वजन आहे. आणि चारही चाकं ओढतात हिची. तुमच्या त्या जुन्या गाडीसारखी नाहीये ही."

"साठ किलोने काही तिचा श्वास कोंडत नाही."

"कधी घातलीत?"

बाबा उरलेले टायर आणायला वळले. उत्तर मला संध्याकाळी मिळालं, आमच्या शेजारीणबाईंकडून. त्या इथल्याच, सत्तरीच्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली आणि आता निवृत्त आहेत. पानं गोळा करता करता त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांची वाळू बघितलीस का? सप्टेंबरातच भरली. मी एक पोतं उचलायला मदत केली. पूर्वी आम्ही सगळेच टाकायचो."

म्हणजे आम्ही एस्टिमेट मागवायच्याही आधी बाबांनी हिवाळ्याची तयारी करून ठेवली होती. आम्ही नको म्हणायचे शब्द शोधत होतो आणि ते साठ किलो वाळू घेऊन फिरत होते. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता तर मला मुळीच बोलता येणार नाही."

"मग बोलू नकोस. बर्फावर गाडी किती अंतरात थांबते ते मोजू या."

ही कल्पना माझी, पण मोजायची पद्धत बाबांची. नोव्हेंबरच्या अखेरीस पहिला जमणारा बर्फ पडला. रविवारी सकाळी आम्ही आइस रिंकमागच्या रिकाम्या पार्किंग लॉटवर गेलो. बाबांनी एका ठिकाणी लाल बादली उलटी ठेवली, मला तिच्या बाजूला दहा पावलं दूर उभं केलं आणि हातात एक टॉवेल दिला. "गाडीचं नाक बादलीपाशी आलं की टॉवेल खाली टाकायचा. चालवणाऱ्याने टॉवेल पडताना बघून ब्रेक दाबायचा. वेग तीस. बादलीपासून मोजायचं."

"एवढं कशाला, बाबा?" नवरा म्हणाला. "नुसतं बघू ना थांबते का."

"नुसतं बघून पूल बांधत नाहीत."

आधी नवरा तीनदा, मग बाबा तीनदा. मी टॉवेल टाकत होते, टेप धरत होते. नवरा चालवताना गाडी तिन्ही वेळा वीस मीटरच्या आत-बाहेर थांबली. बाबांच्या वेळी पंचवीस, सव्वीस, पुन्हा पंचवीस. गाडी कुठेही घसरली नाही, वाकडी झाली नाही. नवरा लगेच म्हणाला, "पाच मीटरचाच तर फरक आहे. चालतं तेवढं." मला वाटतं, त्याला खरंच ते चालवून घ्यायचं होतं.

बाबा बर्फातल्या खुणा बघत चालत गेले. चाक नुसतं फिरत असतं तिथे टायरची नक्षी स्वच्छ उमटते, ब्रेक लागतो तिथून ती फरफटते. त्यांनी फरफटलेला भाग कुठे सुरू होतो ते पाहिलं आणि मला टेप धरायला लावला. मुलाचा भाग बारा मीटर. त्यांचा स्वतःचाही बारा.

ते गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाले.

"टायर उत्तम घेतलेस तू," ते मला म्हणाले. "दोघांसाठी सारखंच काम केलंय त्यांनी. उरलेले पाच मीटर माझे आहेत."

"बाबा, थंडीत पाय जड होतो माणसाचा," मी म्हटलं.

"पाय नाही गं. टॉवेल पडलेला कळायलाच वेळ लागतो." त्यांनी हातमोजा काढला, किल्ली माझ्या हातात दिली. मुलाकडे नाही. "बर्फ जाईपर्यंत तुझ्याकडे. एप्रिलात पुन्हा मोजू."

घरी येताना गाडी नवऱ्याने चालवली. बाबा शेजारी बसले होते आणि प्रत्येक सिग्नलला त्यांचा उजवा पाय खाली दाबला जात होता. डब्याचं काय, हा प्रश्न उरलाच होता. त्या दिवशी रविवार होता, दुपारी नवरा त्यांना घेऊन जाणार होता. सोमवारी त्याला ऑफिस होतं आणि मलाही.

घरी पोचलो तेव्हा शेजारीणबाई आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने बाजूला करत होत्या. बाबा गाडीतून उतरून थेट त्यांच्याकडे गेले. मी वाटेत घेतलेला किराणा गाडीतून काढत होते, मला सगळं ऐकू आलं.

"तुम्हाला बर्फात गाडी चालवायला आवडतं का?"

"अठ्ठावीस वर्षं मागे पन्नास पोरं ओरडत असताना चालवली. शांत गाडी कशी असते ते बघायला आवडेल."

"रोज सकाळी साडेदहाला निघायचं. तिथे एक तास थांबावं लागेल. माझी बायको हळू जेवते."

"मला विणकाम आहे."

"पैसे घ्यावे लागतील."

"मुळीच नाही."

"मग मी टॅक्सी बघतो."

असं बरंच चाललं. शेवटी एका फेरीला पंचवीस डॉलर ठरले. त्यांच्या मते ते फार होते, बाबांच्या मते कमी. सोमवारी त्या बाबांच्या गाडीत बसल्या, सीट पुढे ओढली, आरसे लावले आणि म्हणाल्या, "आधी ती वाळू काढा मागून." ती दोन पोती आता आमच्या पायऱ्यांपाशी आहेत. बर्फ गोठला की त्यातली मूठभर टाकतो.

त्या आठवड्यात चार फेऱ्या झाल्या. गुरुवारी मी घरून काम करत होते, मी नेलं. शुक्रवारी बाबांनी पाकीट दिलं. दहा मिनिटांनी शेजारीणबाई दारात.

"मोजताना चूक झालीय. यात एक डॉलर जास्त आहे."

"चूक नाही," बाबा म्हणाले. "आमच्यात पूर्ण आकडा देत नाहीत. शंभर दिले की झालं, मिटलं. वर एक ठेवला की पुढे चालू राहतं."

त्यांनी ते नाणं तळहातावर फिरवून पाहिलं. "म्हणजे मला सोमवारी यावंच लागणार."

"साडेदहाला," बाबा म्हणाले.

डिसेंबरअखेर सासूबाईंचं वजन होतं तेवढंच होतं. वाढलं नाही, पण उतरलंही नाही.

शेवटी दिलेल्या रकमा अशा: टायरच्या दुकानाला दोन हजार दोनशे पंचावन्न डॉलर अठ्ठेचाळीस सेंट, बाबांच्या कार्डावरून. आणि पहिल्या आठवड्याचे शेजारीणबाईंना रोख, एकशे एक डॉलर.